मातीवरची साय

मुलुंड हें गांव दोन अगदीं भिन्न प्रकृतीच्या भूमींच्या मधें वसलेलें आहे. पूर्वेस ठाण्याची खाडी, तिच्या कांठचीं तिवरें आणि मिठागरें. पश्चिमेस येऊरच्या डोंगराची रांग. पावसाळा लागला म्हणजे मुलुंडकर खिडकींतून त्या डोंगराकडे कौतुकानें पहातात, पाहुण्यांना बोट करून दाखवितात. तोच डोंगर फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत पिवळा-करडा पडतो, गवत वाळतें, दगड तापतात, आणि मग तिकडे कोणी ढुंकूनहि पहात नाहीं. आम्हीं मात्र ही टेकडी बुद्ध्याच उन्हाळ्याच्या तोंडीं, आणि तीहि मान वर करून नव्हे तर खालीं घालून, पहावयाचें ठरविलें. याचें कारण थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे.

जगाच्या कोरड्या प्रदेशांत उघड्या मातीवर वाढणारें एक पिवळें दगडफूल आहे. तें मुलुंडास मिळणार नाहीं हें आम्हांस निघण्यापूर्वींच ठाऊक होतें. परंतु तें जेथें वाढतें तेथें तें जें काम करितें, तें काम आमच्या टेकडीवर कोण करितो, हें आम्हांस पहावयाचें होतें.

दगडफूल म्हटलें कीं आमच्या भगिनींच्या डोळ्यांपुढें मसाल्याचा डबा उभा राहील. गोड्या मसाल्यांत धने, जिरें, तीळ, खोबरें, दालचिनी, लवंग यांच्या जोडीला हें काळसर, जळक्या कागदाच्या तुकड्यांसारखें दिसणारें द्रव्य थोड्या तेलावर परतून घालतात. हातांत घेतलें असतां त्याला फारसा वास नाहीं. तेलांत पडलें कीं घरभर दरवळतें. अमरकोशांत शैलेय आणि अश्मपुष्प हीं त्याचीं नांवें आलेलीं आहेत. अश्म म्हणजे दगड. तेव्हां आपला मराठी शब्द हा त्या संस्कृत शब्दाचा सरळ अर्थच होय. पण नांवाप्रमाणें तें फूल मात्र नव्हे. त्याला मूळ नाहीं, देठ नाहीं, पान नाहीं. शास्त्रीय परिभाषेंत या वर्गास शैवाक म्हणतात, आणि भारतांत त्याच्या अडीच हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

शैवाक ही एक वनस्पति नसून तें एक एकत्र कुटुंब आहे, असें म्हटल्यास आमच्या वाचकांस तें चटकन् समजेल. त्यांत एक बुरशी असते आणि एक शैवाल असतें. बुरशी घर बांधते, भिंती उभारते, ओलावा धरून ठेवते; शैवाल त्या भिंतींच्या आड बसून उन्हाच्या साह्यानें सर्वांचें अन्न तयार करितें. १८६७ सालीं श्वेंडेनर नांवाच्या स्विस शास्त्रज्ञानें हें प्रथम मांडलें, तेव्हां त्या काळच्या थोर थोर शैवाकपंडितांनीं त्याची टर उडविली. श्वेंडेनरनें स्वतः बुरशीस धनी आणि शैवालास दास म्हटलें होतें. पुढच्यांनीं त्यास भागीदारी म्हटलें. कोणतें नांव अधिक खरें, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. २०१६ सालीं तर कित्येक शैवाकांच्या वरच्या सालींत आणखी एक निराळी, किण्वासारखी बुरशी राहते असें प्रसिद्ध झालें. म्हणजे ज्यास आपण दोघांचा संसार समजत होतों, तेथें तिसरेंहि माणूस घरांत वावरत होतें! आणखी एक गंमत अशी कीं, शैवाकास जें शास्त्रीय नांव दिलें जातें तें नियमानें त्यांतील बुरशीचें असतें. रोजचा स्वयंपाक करणाऱ्याचें नांव दारावरच्या पाटीवर येत नाहीं, ही रीत केवळ मनुष्यांचीच नव्हे, असें दिसतें.

आतां त्या पिवळ्या दगडफुलाकडे वळूं. त्याचें रूढ शास्त्रीय नांव फुल्जेन्सिया फुल्जेन्स. लॅटिन भाषेंत याचा अर्थ चकाकणारें. अलीकडे शास्त्रज्ञांनीं त्यास निराळ्या गोत्रांत घालून गायालोलेशिया हें कुलनाम दिलें आहे. भूमध्य समुद्राच्या भोंवतालचे देश, मध्य युरोपांतील उन्हाळ टेकड्या, अशा ठिकाणीं, जेथें मातींत चुना किंवा जिप्सम पुष्कळ आणि पाऊस थोडा, तेथें तें जमिनीवर चिकटून वाढतें. एक एक चकती दोन-चार बोटें रुंद, कडा पाकळ्यांसारख्या दुमडलेल्या, रंग हळदीचा. आणि मध्यभागीं बारीक नारिंगी-तपकिरी टिकल्या, ज्यांतून बुरशीचीं बीजुकें बाहेर पडतात. तिच्या शेजारीं विटेच्या रंगाची एक जात, निळसर राखी रंगाची दुसरी, पांढरी शुभ्र तिसरी, अशी मंडळी दाटीनें बसलेली असते. जर्मन लोकांनीं या मेळ्यास रंगीबेरंगी भूशैवाकांचा समाज असें नांवच देऊन ठेवलें आहे. रांगोळी घालून कोणी तरी उठून गेलें आहे, असाच तो देखावा असतो.

हा हळदीचा रंग शोभेसाठीं नाहीं. जेथें सावली देणारें झाड नाहीं तेथें कडक ऊन शैवालास जाळून टाकील. म्हणून बुरशी आपल्या वरच्या सालींत अँथ्राक्विनोन जातीचीं रंगद्रव्यें सांठविते आणि त्यांची छत्री शैवालाच्या डोक्यावर धरिते. या जातीचीं द्रव्यें आपल्या घरांतहि अपरिचित नाहींत. मंजिष्ठेचा लाल रंग आणि सोनामुखीचा रेचक गुण हीं दोन्ही त्याच घराण्यांतील द्रव्यांचीं कामें आहेत. प्रयोगशाळेंत या पिवळ्या शैवाकावर दाहक पोटॅशचा एक थेंब टाकला तर तो डाग क्षणांत जांभळा-किरमिजी होतो. हळदीला चुना लागला म्हणजे कुंकू होतें, त्याची येथें आठवण झाल्यावांचून रहात नाहीं.

सहनशक्तीची तर या कुळाची कमाल आहे. पाणी नाहींसें झालें कीं शैवाक मरत नाहीं. तें सर्व व्यवहार थांबवून, पापडासारखें वाळून पडून रहातें. दंव पडलें, पावसाचे चार थेंब आले, कीं कांहीं मिनिटांत श्वास घेऊं लागतें. लडाखच्या खडकांवर या पिवळ्या जातीचा एक नारिंगी भाऊबंद आढळतो. त्याचे नमुने २००५ सालीं युरोपीय शास्त्रज्ञांनीं यानांत घालून सुमारे पंधरा दिवस पृथ्वीबाहेर, निर्वात पोकळींत आणि उघड्या सूर्यप्रकाशांत ठेविले. परत आणून पाणी दिल्यावर ते पूर्ववत् जगूं लागले.

असा हा चिवट जीव एका गोष्टीपुढें मात्र टिकत नाहीं, आणि ती गोष्ट म्हणजे पाऊल. कोरड्या प्रदेशांत मातीच्या वरच्या थरांत शैवाकें, शेवाळीं, निळें-हिरवें शैवाल आणि बुरशीचे तंतु हीं सर्व एकमेकांत गुंतून एक जिवंत पापुद्रा तयार करितात. दुधावर साय धरते तसाच हा मातीवर धरतो, म्हणून त्यास मातीवरची साय म्हटल्यास शोभेल. पृथ्वीच्या जमिनीपैकीं सुमारे १२ टक्के भागावर अशी साय आहे, असा अलीकडचा अंदाज आहे. तिचें काम मोठें आहे. मातीचे कण ती दोऱ्यांनीं गुंफावे तसे गुंफून ठेविते. वाऱ्यानें ते उडत नाहींत, सरीच्या माऱ्यानें वाहून जात नाहींत. तिच्यांतील कांहीं घटक हवेंतील नत्र मातींत आणून बसवितात; आणि जेथें खत घालणारा कोणी नाहीं, तेथें गवताच्या पहिल्या पात्याला तेवढाच आधार असतो. परंतु ही साय वाळलेली असतां तिच्यावर खूर, चाक किंवा बुटाचा तळवा पडला कीं तिचा चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं, १९४२ ते १९४४ या वर्षांत, अमेरिकेच्या मोहावी वाळवंटांत रणगाड्यांचा सराव झाला. अर्ध्या शतकानंतर शास्त्रज्ञ तेथें गेले, तेव्हां रणगाड्यांचे माग अद्याप दिसत होते, आणि त्या मागांवर शैवाकें पूर्वींसारखीं परत आलेलीं नव्हतीं.

इतकें ध्यानांत घेऊन आम्ही मुलुंड स्टेशनच्या पश्चिमेस निघालों. पांच रस्त्यांवरून, एके काळीं आग्रा रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व हल्लींच्या लालबहादुर शास्त्री मार्गास ओलांडून, फाळणीनंतर निर्वासितांसाठीं वसलेली मुलुंड कॉलनी मागें टाकली, कीं डोंगराचा पायथा लागतो. वरचें अरण्य संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें आहे. तेथें परवानगीवांचून शिरणें आणि तेथलें कांहींहि उचलणें, दोन्ही कायद्यानें मना आहे. शिवाय बिबट्या हा तेथला खरा घरमालक. म्हणून आमचें सारें निरीक्षण पायथ्याच्या उघड्या उतारापुरतेंच झालें, आणि तेवढें पुरेसेंहि झालें.

पिवळें दगडफूल येथें कां नाहीं, याचें उत्तर पायाखालींच सांपडतें. त्यास चुनखडीची किंवा जिप्समची माती हवी. आमचा डोंगर काळ्या अग्निजन्य पाषाणाचा, आणि त्यावरची माती पातळ, मुरमाड, तांबूस. त्यास बारा महिने कोरडेपणा हवा. आमच्याकडे आठ महिने कोरडे आणि चार महिन्यांत २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस. त्या पावसानंतर गवत कमरेइतकें वाढतें आणि जमिनीवरच्या कोणत्याहि चिमुकल्या जीवास सूर्यदर्शन दुर्लभ होतें. सारांश, मुलुंडची टेकडी ही निम्मी वाळवंट आणि निम्मी अरण्य आहे, आणि दोन्ही एकाच जागीं पाळीपाळीनें नांदतात.

तरीहि साय येथें धरतेच. मोठ्या धोंड्यांच्या पाठीवर राखी, पांढुरक्या आणि फिक्कट हिरव्या रंगाचीं वर्तुळें दिसलीं. कोठें एकच, कोठें दोन वर्तुळांच्या कडा एकमेकींस भिडून मधें काळी सीमारेषा पडलेली, जणूं दोन भावांच्या शेतांमधला बांधच! हीं येथलीं खरीं दगडफुलें. धोंड्यांच्या मधल्या मातींत, जेथें गवत विरळ होतें, तेथें एक काळसर, भेगाळलेला पापुद्रा होता, कडा किंचित् वर वळलेल्या. कोणीहि त्यास वाळलेला चिखल समजून पुढें गेला असता. आम्हीं भिंग लावून पाहिलें, तों त्यांत केंसाहून बारीक तंतूंचें जाळें मातीचे कण धरून बसलेलें दिसलें. बाटलींतलें थोडें पाणी त्यावर शिंपडलें. पांच-सात मिनिटांत काळा रंग निवळून त्यावर हिरवी छटा चढली. पिवळें दगडफूल जें काम चुनखडीच्या देशांत करितें, तें काम मुलुंडच्या मुरमावर हा काळा निळ्या-हिरव्या शैवालाचा पापुद्रा करितो. भाताच्या शेतांत अशा शैवालांपैकीं कांहीं जाती नत्र बसवितात, हें १९३९ सालीं पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञानें दाखवून दिलें होतें. तीच निसर्गाची सेवा येथें, कोणी न मागतां, चालूं आहे.

या सायीचा मुलुंडकरांशीं काय संबंध, असें कोणी विचारील. वळवाची पहिली सर पडते ती वाळलेल्या, उघड्या जमिनीवर. गवत अद्याप उगवलेलें नसतें. थेंबांचा मारा सरळ मातीवर होतो. त्या पंधरा दिवसांत मातीला धरून ठेवणारें जें कांहीं असतें तें म्हणजे वाळल्या गवताचीं मुळें आणि हा पापुद्रा. आम्ही ज्या उतारावर होतों, तेथें फिरावयास येणाऱ्यांनीं मूळची पायवाट सोडून चार आडवाटा पाडल्या आहेत. पायवाटेच्या दोहों बाजूंस पापुद्रा होता. आडवाटांवर बोटानें उकरली तर भुकटी उडे, आणि गेल्या पावसानें तेथें वीतभर खोल घळी पाडल्या होत्या. ती माती नाल्यांतून खालीं वस्तींत व पुढें खाडींत जाते, नाले तुंबतात, आणि मग आपणच ओरड करितों. दरडी थोपविण्याचें सामर्थ्य या पापुद्र्यांत आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. जुलै २००० मध्यें घाटकोपरास किंवा जुलै २०२१ मध्यें चेंबूर व विक्रोळीस जे भयंकर अपघात झाले, त्यांचीं कारणें खोल आणि निराळीं होतीं. पण दरड एकदां कोसळते. माती मात्र प्रत्येक सरीबरोबर जाते. त्या रोजच्या गळतीवर हा पापुद्रा हेंच बूच आहे.

दगडफुलें आणखी एक साक्ष देतात, ती हवेची. त्यांस मूळ नसल्यामुळें जें मिळवावयाचें तें सर्व हवा आणि पाऊस यांतूनच. म्हणून हवेंतील विष त्यांस आधीं बाधतें. १८६६ सालीं निलांडर या फिनलंडच्या पंडितानें पॅरिस शहरांतून शैवाकें नाहींशीं होत असल्याचें पाहून, तीं हवेच्या शुद्धतेचें माप होत, असें लिहून ठेविलें. गंधकाच्या धुराशीं तर बहुतेक जातींचें मुळींच जमत नाहीं. मुलुंडनें धूर पुष्कळ पाहिला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी याच भूमीवरून गेली. १९५७ सालीं मुलुंड बृहन्मुंबईंत सामील झालें. आग्रा रोडच्या कडेनें कारखान्यांची रांग उभी राहिली, आणि पुढें त्यांतले पुष्कळसे जाऊन त्यांच्या जागीं उंच इमारती आल्या. आतां डोंगराच्या पोटांतून गोरेगांवास जाणाऱ्या बोगद्याचें काम चालूं आहे. हा सर्व पालट दीड-पावणेदोनशें वर्षांतला. आणि टेकडीवरचीं कांहीं वर्तुळें वर्षाला एखाद्या मिलिमीटरानें वाढत तो सर्व पहात आलेलीं असतील.

या विषयाचा अभ्यास महाराष्ट्रांत झालाच नाहीं, असें मात्र नव्हे. १९४६ सालीं पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तिचे पहिले संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचें नांव आज त्या संशोधनसंस्थेस दिलेलें आहे. तेथें पी. जी. पटवर्धन, ऊर्मिला मखीजा यांच्यासारख्या अभ्यासकांनीं सह्याद्रींतील शैवाकें गोळा करून त्यांच्या जाती निश्चित केल्या. लखनौचे धरणीधर अवस्थी यांनीं तर साऱ्या भारताच्या शैवाकांच्या ओळखीचे ग्रंथ सिद्ध केले. पंडितांनीं त्यांचें काम केलें आहे. पण टेकडीवर फिरावयास जाणाऱ्या शंभरांतील एकालाहि आपण कशावर पाय देतों हें ठाऊक नाहीं, ही उणीव ग्रंथांनीं भरून निघण्यासारखी नाहीं. ती घरांतूनच भरली पाहिजे.

म्हणून कांहीं साध्या गोष्टी सुचवितों. टेकडीवर जावें, पण मळलेली वाट सोडूं नये, आणि मुलांनाहि सोडूं देऊं नये. हा नियम सापाच्या भीतीनें पाळावयास लावतों, तो आतां मातीसाठींहि लावावा. मसाल्यांतलें दगडफूल हिमालयांतून आणि दक्षिणेच्या डोंगरांतून, झाडांच्या सालीवरून व खडकांवरून खरवडून आणलेलें असतें. तें शेतांत पिकत नाहीं, आणि आज खरवडलेलें पुढच्या वर्षीं परत येत नाहीं. तें वर्ज्य करावें असें आम्ही म्हणत नाहीं. गोडा मसाला त्याशिवाय गोडा होणार नाहीं, हें आम्हांसहि मान्य आहे. पण डब्यांत किडे होईपर्यंत सांठवून शेवटीं केरांत टाकण्याइतकें तें स्वस्त नाहीं, एवढें घरांतील सुनांनीं व सासूबाईंनीं दोघींनींहि ध्यानांत ठेवावें. आणि सोसायटीच्या दगडी कुंपणावर जीं राखी वर्तुळें पडतात, तीं डाग समजून दिवाळीपूर्वीं तारेच्या ब्रशानें घासून काढण्याची जी हौस हल्लीं सर्वत्र दिसते, तीस आळा घालावा. तीं वर्तुळें भिंतीची अब्रू घेत नाहींत. उलट, येथली हवा अद्याप अगदींच विटलेली नाहीं, असा दाखला तीं फुकट देत असतात.

घरांतील मुलांसाठीं एक प्रयोगहि सांगतों. येत्या गुढीपाडव्यास आपल्या कुंपणावरचें एखादें ठळक वर्तुळ निवडावें. त्यावर पारदर्शक कागद ठेवून, वर्तुळास न दुखवितां, त्याची कड पेन्सिलीनें उतरून घ्यावी. कागदावर तारीख आणि उतरून घेणाऱ्याचें नांव लिहावें, आणि तो कागद पंचांगाबरोबर जपून ठेवावा. पुढच्या पाडव्यास त्याच कागदावर दुसरी रेघ काढावी. दोन रेघांमधें एखाददुसऱ्या मिलिमीटरांचें अंतर पडेल, क्वचित् मुळींच पडणार नाहीं. मुलें हिरमुसतील, तेव्हां आजोबांनीं त्यांस धीर द्यावा. दहा रेघा झाल्या म्हणजे तो कागद पहाण्यासारखा होईल, आणि तोंवर पहिली रेघ काढणारा मुलगा कॉलेजांत गेलेला असेल.